कुठलं वालचंद?

गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर लातूरकडच्या एका शाळेचे संस्थाचालक आमच्या वर्कशॉपवर आले होते. चारशे ब्लेझरची ऑर्डर होती. सकाळपासून भावावरून ओढाताण चाललेली. नगामागे वीस रुपये ते सोडत नव्हते आणि मलाही सोडणं परवडणारं नव्हतं. रविवार म्हणून लेक वर्कशॉपवर आली होती आणि कापडाचे नमुने एकेक करून टेबलावर पसरत होती. नेव्ही ब्लू, मरून, बॉटल ग्रीन. त्यांनी मरूनच्या तुकड्यावर अंगठा घासला, तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि सहज विचारलं, "ही कामाला आहे का तुमच्याकडं?" मी म्हटलं, "नाही साहेब, लेक आहे माझी. इंजिनिअरिंग करतीय." "अरे वा. कुठं?" "वालचंदला." त्यांचा चेहरा एकदम खुलला. "सांगलीला! म्हणजे हुशार आहे की पोरगी. आमच्या मेव्हण्याच्या मुलाला फार इच्छा होती, नाही मिळालं." आणि मी मान हलवली.

ती मान कशी हलवली, हे मला अजून आठवतंय. तोंडानं मी 'हो' म्हटलं नाही. हनुवटी जराशी खाली नेली, नजर हिशेबाच्या वहीवर ठेवली आणि ओठांवर थोडंसं हसू आणलं. कुणी नंतर पकडलंच तर म्हणता आलं असतं की मी काही बोललोच नव्हतो. पण समोरच्या माणसाला जे समजायचं ते समजलं होतं आणि ते तसंच समजावं अशी माझी इच्छा होती. ते खुर्चीत मागे रेलून बसले, चहा घेतला, मुलांच्या शिक्षणावर दहा मिनिटं आपुलकीनं बोलले. वीस रुपयांचा विषय परत निघाला नाही. लेक नमुने गोळा करत होती. मरून खाली, त्यावर बॉटल ग्रीन, वर नेव्ही ब्लू. कडेला कड जुळवून तिनं गठ्ठा नीट केला, रबर लावलं आणि कपाटात ठेवून दिला. तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून घरी निघालो. आमचं वर्कशॉप अक्कलकोट रोडला, घर सात रस्त्याच्या अलीकडं, म्हणजे वाट अशोक चौकातूनच. तिच्या कॉलेजवरूनच जावं लागतं. एरवी तिथून जाताना ती काही ना काही सांगते, इथं काल हे झालं, ह्या झाडाखाली आम्ही सबमिशन लिहीत बसतो. त्या दिवशी कॉलेज मागं पडेपर्यंत दोघंही गप्प होतो. पुढच्या सिग्नलला ती म्हणाली, "बाबा, पेट्रोल टाकायला पाहिजे."

तेवढंच. ती रागावली असती, तर मला सोपं गेलं असतं.

बाहेरच्या माणसाला ह्यातली मेख कळणार नाही म्हणून नाही, तर मलाच ती पुन्हा पुन्हा उलगडून बघायची असते म्हणून सांगतो. वालचंद म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला सांगलीचं वालचंद आठवतं. ते १९४७ सालचं, आमचं सोलापूरचं १९८३चं. सांगलीचं कॉलेज सुरू झालं तेव्हा त्याचं नाव दुसरं होतं, वालचंद हिराचंदांचं नाव नंतर मिळालं. आणि वालचंद हिराचंद जन्मले सोलापुरात, १८८२ साली. म्हणजे जहाजं, विमानं, मोटारी अशी स्वप्नं बघणारा तो माणूस आमच्या गावचा आणि त्याच्या नावाचा मान मात्र दुसऱ्या गावाच्या खात्यात. लेकीची ॲडमिशन झाली त्या वर्षी ही गोष्ट मी किती जणांना ऐकवली असेल, त्याची गणती नाही. लग्नात, बारशाला, बँकेत रांगेत उभा असताना. ऐकणारे "हो का?" म्हणायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे, "मग सांगलीला नाही मिळालं का?"

मिळालं असतं की नाही, हे सांगता येणार नाही. कारण तिनं ते मागितलंच नाही.

२०२३चा तो उन्हाळा. सोलापूरचा मे महिना कसा असतो ते सोलापूरकराला सांगायला नको. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि घरात ही पोरगी ओला पंचा डोक्यावर घेऊन कूलरसमोर गणितं सोडवत बसलेली. सीईटीचा निकाल जूनमध्ये लागला. पर्सेंटाइल चांगले होते. फार मोठे म्हणावेत असे नाही आणि चारचौघांत सांगायची लाज वाटावी असे तर नाहीतच. ज्याच्या घरात बारावीचं मूल होऊन गेलंय त्याला ह्या मधल्या पट्ट्यातला जाच माहीत असेल. वरच्या पोरांना निवड करावी लागत नाही, त्यांना सगळंच मिळतं. मधल्यांना मात्र विचारलं जातं, कॉलेज पाहिजे का ब्रांच पाहिजे?

मी महिनाभर आदल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ चाळत होतो. धंद्यातल्या माणसाला आकडे वाचायची सवय असते, पण त्या कोष्टकांनी माझे डोळे दमवले.   माझ्या हिशेबानं सांगलीला सिव्हिल बसत होतं. आणि सोलापुरात तिला हवी ती ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, बसत होती. माझ्या वहीत मी पसंतीक्रम लिहून ठेवला होता. एक नंबरला सांगली सिव्हिल.

फॉर्म भरायची रात्र मला पाठ आहे. साडेदहा वाजले असतील. हिनं ताटं आवरली होती, ओट्यावर उद्यासाठी मटकी भिजत होती. लेकीनं लॅपटॉप उघडला आणि पहिल्या क्रमांकाला सोलापूरचा कोड टाकला. मी म्हटलं, "चुकलं. ते दोन नंबरला." ती म्हणाली, "चुकलं नाही." तिला नियम माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली की सीट आपोआप फ्रीझ होते, मग मागं वळता येत नाही. सोलापूर वर ठेवलं तर ते लागणार आणि सांगलीचा विषय तिथंच मिटणार. मी आवाज चढवला. एकदा सांगलीचा शिक्का बसला की जन्मभर कुणी ब्रांच विचारत नाही, असं काहीतरी बोललो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला सिव्हिल नको आहे. चार वर्षं मला तेच करायचंय ना? तुम्हाला नाही करायचं." मग मी ते बोललो जे बोलायला नको होतं. म्हटलं, "तुला माहीत नाही नाव नसलेल्या माणसाचं काय होतं. तुझ्या आजोबांना विचार." आजोबा भिंतीवर होते, फोटोत. ती फोटोकडे बघून म्हणाली, "आजोबांची गिरणी काय त्यांचं कॉलेज नव्हतं म्हणून बंद पडली?"

उत्तर मला सुचलं नाही. ते आजही पूर्ण सुचलेलं नाही.

माझे वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होते, मुकादमासारखे. सोलापुरातली पहिली गिरणी १८७७ची. तेव्हापासून ह्या गावातली कितीतरी घरं भोंग्यावर उठली आणि भोंग्यावर झोपली, त्यातलंच आमचं एक. वडील चौथी शिकलेले. घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाची तूस असायची, आई ती ओल्या फडक्यानं पुसायची. घरात त्यांच्या तोंडी एकाच शिकलेल्या माणसाचं नाव असायचं, खरं तर नावही नाही, नुसतं 'विजेटीवाले साहेब'. हे साहेब गिरणीत वीव्हिंग मास्टर होते. वडील सांगायचे, साहेब मागाजवळून नुसते चालत गेले तरी थांबून म्हणायचे, ह्याचा पिकिंग स्टिक ढिला आहे, आवाज बघ. खिशातून छोटी घडीची भिंगाची पट्टी काढून कापडावर ठेवायचे आणि इंचातले धागे मोजायचे. 'विजेटी' म्हणजे मुंबईचं व्हीजेटीआय, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वडिलांना ती अक्षरं आहेत हेच माहीत नव्हतं. त्यांना ती पदवी वाटायची, रावसाहेब किंवा रावबहादूर असते तशी. मुंबईच्या गिरण्यांना शिकलेली माणसं हवी होती अशा काळात, १८८७ साली, ती संस्था उभी राहिली आणि तिथून सुटलेली माणसं गावोगावच्या गिरण्यांत मास्टर झाली. आमच्या घरापर्यंत त्यातली एवढी तीन अक्षरं पोचली, तीही घासून गुळगुळीत होऊन.

नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. त्याच महिन्यात विजेटीवाले साहेबांना सुरतेहून बोलावणं आलं. ते आमच्या घरी निरोप घ्यायला आले होते, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्यासारखा जॉबर मला कुठं मिळणार नाही. ते मनापासून म्हणाले असतील. पण गाडीत बसले ते एकटेच. वडील चाळीस-पन्नास टॉवेल सायकलच्या कॅरिअरला बांधून मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोटच्या बाजारांना जाऊ लागले. साळखात्यात ज्यांच्या हाताखाली आठ-दहा साचेवाले होते, ते वडील बाजारात उकिडवे बसून "घ्या की ताई, रंग जात नाही" म्हणायचे. मी तेव्हा बी.कॉम.ला होतो. दोघांना माग सारखाच कळत होता, हे मी पुढं अनेकांकडून ऐकलं. एकाजवळ तीन अक्षरं होती.

म्हणून नावाचं हे वेड माझ्यात मिरवण्यातून आलेलं नाही. ते टॉवेलच्या गठ्ठ्यातून आलंय. लेकीला मी हे त्या रात्री नीट सांगू शकलो असतो, तर कदाचित भांडण झालं नसतं. पण माणूस भीतीला भीती म्हणत नाही, तो तिला व्यवहार म्हणतो.

माझ्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर असं लिहिलंय. २००४ साली सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं, त्याआधी आम्ही सगळे कोल्हापूरच्या पदरात. माझं लग्न ठरवताना वडिलांनी मुलीकडच्यांना सांगितलं, "मुलगा शिवाजी विद्यापीठाचा पदवीधर आहे." सासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे कोल्हापूरला राहून शिकले का?" वडील हसले आणि चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. मी दयानंद कॉलेजला रोज सायकलीनं जात होतो, कोल्हापूर मी तोपर्यंत अंबाबाईच्या दर्शनापुरतं पाहिलेलं. वडिलांचं ते हसू मला परवापर्यंत आठवत नव्हतं. त्या लातूरच्या साहेबांसमोर माझ्या चेहऱ्यावर जे आलं ते तेच होतं, हे रात्री झोप लागत नव्हती तेव्हा ध्यानात आलं. लग्न ठरत होतं तेव्हा मी वीस-बावीसचा असेन. मला त्या वेळी काय वाटलं होतं? वडिलांचा राग आला नव्हता. एवढं मात्र वाटलं होतं की आपण आहोत तेवढे पुरत नाही. लेकीलाही त्या रविवारी हेच वाटलं असेल, तर ते मी दिलेलं आहे.

माझा धंदाच नावांचा आहे, असं म्हटलं तरी चालेल. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण गेली कित्येक वर्षं गावातल्या हजारो हातांना काम देतायत ते शाळांचे गणवेश. इथून शिवलेले शर्ट-पँट-स्कर्ट कुठल्या कुठल्या राज्यांत जातात. माझ्याकडे शिलाईची चौदा मशीनं आणि एक बारा हेडचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन. शाळेचा लोगो आला की त्याचं पंचिंग करून घ्यायचं, फाईल पेनड्राइव्हनं मशीनला द्यायची, खिशाचे तुकडे मागं बॅकिंग लावून फ्रेमला ताणून बसवायचे आणि बटण दाबायचं. बारा सुया एकदम चालू होतात. बारा खिशांवर एकाच वेळी आधी पिवळी ज्योत उमटते, मग उघडलेलं पुस्तक, मग खाली गोलाकार नाव. पूर्वी नावं संतांची, देवांची, गावातल्या दानशूरांची असायची. आता ग्लोबल आणि इंटरनॅशनल फार. मी एकाच ठाणातून दोन शाळांचे ब्लेझर काढलेत. एका शाळेचा पालक त्याला जे देतो त्याच्या दीडपट दुसऱ्या शाळेचा पालक देतो आणि आनंदानं देतो. कापड तेच, अस्तर तेच, कारीगर तेच. ह्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. खिशावरचं नाव घालून मूल ताठ उभं राहतं, ते मी मापं घ्यायला जातो तेव्हा बघतो. सात-आठ वर्षांची पोरं ट्रायलचा ब्लेझर चढवला की आधी खिशावर हात फिरवतात. टाके चाचपून बघतात.

ह्या मशीनपाशीच लेकीचा मार्ग ठरला, आणि मी तिथं उभा असून मला ते दिसलं नाही. ती नववीत होती. सात नंबरचं हेड सारखं थांबायचं. धागा तुटला की सेन्सर लाल दिवा लावतो आणि मशीन थांबतं, तसा नियम. पण इथं धागा शाबूत असायचा आणि दिवा लागायचा. मुंबईहून मेकॅनिक यायचा, दोन तास घालवायचा, बोर्ड बदलायला सांगायचा, आणि त्याची फी ऐकून माझं डोकं दुखायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही पोरगी तीन दिवस त्या हेडसमोर स्टूल टाकून बसली. हलत नव्हती. मी ओरडलो, "काय बघायलीस एवढं?" ती म्हणाली, "बाबा, दिवा गडद रंगाच्या धाग्याला लागत नाही. पिवळ्याला लागतो." पिवळा रेयॉन आम्ही स्वस्तातला घेत होतो, त्याची तूस जास्त सुटायची, आणि ती सेन्सरच्या छोट्या चाकात अडकून चाक फिरेनासं व्हायचं. तिनं आईची जुनी मस्काऱ्याची कांडी आणली, तिच्या ब्रशनं चाक साफ केलं. सात नंबरचं हेड त्या संध्याकाळी एकदाही थांबलं नाही. मी कारीगरांना पेढे वाटले, लेकीला सायकल घेऊन दिली, पण ह्या पोरीला काय आवडतं हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही. आला असता, तर चार वर्षांनी वहीत सांगली सिव्हिल एक नंबरला लिहिलं नसतं.

तरी ह्याला दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. नावाचा उपयोग होतो. मोठ्या कॉलेजात कंपन्या स्वतः चालत येतात, रांगेत पुढं उभं राहायला मिळतं, सोबतची पोरं हुशार असतात आणि त्यांच्या संगतीचं शिक्षण वर्गातल्यापेक्षा जास्त असतं. हे लेकीलाही माहीत आहे. ती म्हणते, "मला जास्त पळावं लागणार, मान्य आहे." रात्री एक-एक वाजेपर्यंत तिच्या खोलीतून सोल्डरिंगचा वास येतो, रोझिनचा गोडसर धूर. मी पाणी प्यायला उठलो की दाराच्या फटीतून बघतो. टेबल लॅम्पच्या उजेडात मान वाकवून बसलेली असते, तिच्या आजोबांची मागावर वाकायची ढबच. मला भरून येतं आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो. सांगलीला असती तर हे इतकं पळणं तिच्या नशिबी आलं असतं का, हा विचार पाण्याच्या घोटाबरोबर मी गिळतो.

आणि नातेवाईकांचा तो 'च'. "सोलापूरलाच ठेवलं?" "इथंच का?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मराठीतला हा एवढासा च किती खोल जातो. 'सोलापूरला आहे' ह्यात ती आहे. 'सोलापूरलाच आहे' ह्यात ती राहून गेलेली आहे. मी प्रत्येक वेळी त्या 'च'चं उत्तर देत आलो. "ब्रांच मनासारखी मिळाली म्हणून." "हिच्या आईची तब्येत बघता." आईची तब्येत ठणठणीत आहे. तिनं एकदा हे ऐकलं आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहुण्यांसमोर सांगितलं, "मला काही झालेलं नाही हो. तिनं तिच्या मनानं घेतलंय." आत गेल्यावर मला म्हणाली, "पोरीच्या शिक्षणाला माझं आजारपण कशाला जोडता?"

पहाटे साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस मी अनेकदा गाठतो, पुण्याला माल पोचवायला. १९३१ साली फाशी गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी. सोमवारी त्या गाडीत निम्मी पोरंच असतात. पाठीला सॅक, हातात पिशवी, पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी. फलाटावर आया खिडकीच्या गजातून पोरांचा हात धरून उभ्या असतात आणि बाप लोक उगाच डब्याच्या नंबरकडं बघत असतात. गाडी हलली की त्या बापांबरोबर माझीही नजर खाली जाते. आमची लेक त्या वेळी घरी झोपलेली असते. आठला उठून पोहे खाऊन कॉलेजला जाईल. ह्या गोष्टीचा मला किती आनंद आहे ते मी कुणाजवळ बोललेलो नाही. ती सांगलीला जावी म्हणून भांडलेला मीच, आणि ती रोज रात्री घरी ताटावर बसते म्हणून सुखावणाराही मीच. शिकून झाल्यावर तीही ह्याच गाडीत बसणार. तिच्या शाखेचं काम ह्या गावात किती आहे, ते मला ठाऊक आहे. चार वर्षं जास्तीची मिळाली एवढंच.

आमच्या वर्कशॉपमध्ये काजं-बटणाला बसणाऱ्या एक मावशी आहेत. आधी विड्या वळायच्या, बोटांच्या टोकांवर अजून तंबाखूचा पिवळेपणा आहे. त्यांची मुलगी नर्सिंग करते. कुठं करते ते मला दोन वर्षांत कळलेलं नाही, कारण मावशी "पोरगी शिकायलीय" एवढंच सांगतात आणि त्यात त्यांचं सगळं येतं. लेकीची ॲडमिशन झाली तेव्हा मी पेढे वाटले. मावशींनी पेढा पदराच्या टोकाला बांधला आणि विचारलं, "ताईचं कॉलेज घरापासून किती लांब?" मी म्हटलं, "दोन-तीन किलोमीटर." "मग बरं हाय," त्या म्हणाल्या, "अंधार पडायच्या आत घरी." इतक्या लोकांनी इतकं विचारलं, पण लेकीची वाट, लेकीची संध्याकाळ त्यांनी एकट्यांनी विचारली.

ब्लेझर डिसेंबरात गेले. पैसेही वेळेवर आले. मी म्हटलं, विषय संपला. पण एखादा सुईचा तुकडा अस्तरात राहावा तसं ते राहिलं होतं. अंगात घातलं की कुठंतरी टोचायचं.

ह्या जूनमध्ये, सीईटीचा निकाल लागल्यावर चार-आठ दिवसांनी, लातूरच्या साहेबांचा फोन आला. मी कटिंग टेबलापाशी होतो. लेक समोरच मशीनच्या पॅनलवर काहीतरी करत होती. साहेब मोकळेपणानं बोलत होते. पुतण्याला चांगले पर्सेंटाइल पडलेत, घरात सांगलीचा विचार चालला आहे. "तुमची मुलगी तिथंच आहे ना, म्हणून म्हटलं घरच्याच माणसाला विचारावं. होस्टेल कसं आहे, मेस कशी आहे, जरा तिच्याशी बोलायला मिळालं तर पोराला धीर येईल." माझ्या हातात खडू होता. तो मी टेबलावर ठेवला. "साहेब," मी म्हटलं, "त्याचं असं आहे..." आणि पुढं शब्दच येईनात. तिकडून "हॅलो, हॅलो" चाललेलं. लेकीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. फोनचा आवाज मोठा असतो, तिनं ऐकलं होतं. ती उठली, हात फडक्याला पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"काका, नमस्कार. मी सोलापूरच्या वालचंदला आहे, अशोक चौकातल्या. ई अँड टीसीला. सांगलीला माझी अकरावी-बारावीची मैत्रीण आहे, ती होस्टेललाच राहते. तिला विचारून तिचा नंबर तुम्हाला पाठवते, ती सगळं सांगेल. पुतण्याला ब्रांच कुठली हवीय?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ती "हं, हं" करत ऐकत होती. मधेच हसली. मग टेबलावरचा खडू उचलून तिनं कापडाच्या टाकाऊ तुकड्यावर काहीतरी लिहून घेतलं, पर्सेंटाइल असावेत. पाचेक मिनिटं बोलली. एखाद्या पोराला कॉलेज निवडताना जे जे विचारावं ते सगळं तिनं विचारलं: काय आवडतं, घरापासून लांब राहिलाय का कधी, खाण्याचे लाड आहेत का. मी तिच्याशी हे कधी बोललो होतो का, ते आठवत उभा राहिलो.

फोन परत माझ्या हातात देताना ती म्हणाली, "ते विचारायलेत, ह्या वर्षी ब्लेझरच्या बाह्या अर्ध्या इंचानं वाढवता येतील का. मागच्या खेपेला आठवीच्या मुलांना आखूड झाल्या." आणि ती मशीनकडे वळली. मी फोन कानाला लावला, वही ओढली आणि बाह्यांची मापं लिहून घ्यायला लागलो.